तोफेची पुंगळी आणि चिंचेचा कोळ

आमचे आजोबा तोफखान्यात होते आणि रिटायर होताना त्यांना पंचवीस पौंडी तोफेची रिकामी पितळी पुंगळी, म्हणजे बार उडाल्यावर मागं राहतं ते नळकांडं, भेट मिळाली. रायफलीच्या काडतुसाची असते तसली करंगळीएवढी नव्हे, चांगली जवळजवळ फूटभर उंच, तोंड पावणेनऊ सेंटीमीटर, म्हणजे हात आत जातो पण फडकं धरून मूठ वळली की बाहेर यायचं नाव नाही. वर्षभर ती हॉलमध्ये फुलदाणी म्हणून उभी असते, कोण ढुंकून बघत नाही, पण खंडेनवमी जवळ आली की आजीला एकदम आठवतं की हे शस्त्र आहे. "असली काळी पुंगळी पूजंला ठेवनार व्हय?" झालं, आमची ड्युटी लागली. अख्खं कोल्हापूर दसरा चौकात सोनं लुटायला जायची तयारी करतंय आणि मी मोरीत पाटावर.

बरं घासायचं कशानं यावर घरात एकमत नाही. आजी चिंच आणि मिठावर ठाम, बायको पितांबरीवर, आणि शेजारचे काका दारात उभं राहून चुलीच्या राखेचे गुण सांगतात, गॅस आल्यापासून त्यांच्याच घरात राख नाही तो भाग वेगळा. बुडावर कोरलेल्या अक्षरांत पावडर बसते ती जुन्या टूथब्रशनं काढायची, आणि आत फुलांच्या पाण्यानं हिरवी रेघ धरलेली असते तिथं ब्रशही पोचत नाही. एकदा आजीनं कुणाला न विचारता ती चिंचेच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवली, सकाळी पुंगळी गुलाबी!

आजी खूश, "तांब्याची हाय बघ, मी म्हनत होतो."

तेवढ्यात भाचा उगवला. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत ब्राँझ मारलं तेव्हापासून हा रायफल घेऊन पालथा पडलेला असतो. त्याची गोळी पॉइंट टू टू ची, तिचा बार कडेच्या रिममध्येच असतो आणि पिन बसली की ती कड चेपते, त्यामुळं ती पुंगळी परत भरताच येत नाही, म्हणजे पुंगळी घासण्याशी याचा संबंध शून्य, पण ज्ञान अफाट. म्हणाला, मामा, हे सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त, आंबटात जास्त वेळ ठेवलं की वरचं जस्त निघून जातं आणि तांबं दिसायला लागतं. बाहेरच्या देशात लोक वापरलेल्या पुंगळ्या परत भरायच्या आधी ड्रममध्ये अक्रोडाच्या टरफलाचा नाहीतर मक्याच्या कणसाचा भुगा घालून तासन्‌तास फिरवतात, किंवा पाणी, साबण आणि स्टीलच्या बारीक पिना. अक्रोडाचा भाव ऐकून मी गप्प. कणसाचं म्हणाल तर रंकाळ्यावर लोक खाऊन टाकतात ती दांडकी गोळा करायची त्याची तयारी होती, त्याच्या आईची नव्हती. आणि कहर म्हणजे वर म्हणतो, चमक महत्त्वाची नसतेच, काजळी आणि कचरा जाऊन डायला, म्हणजे परत भरताना पुंगळी ज्या साच्यात दाबतात त्याला, ओरखडे पडू नयेत एवढ्यासाठी धुवायचं, गोळी काय चमकली म्हणून जास्त नेमकी लागत नाही. हे आजीला सांग म्हटलं तर पळाला.

पळता पळता आणखी एक पाचर मारून गेला. मी ती वाळायला परसात ठेवली होती. म्हणे इंग्रजांच्या काळात आपल्याकडं पावसाळ्यात काडतुसं तबेल्यात ठेवली की पितळेला आपोआप चिरा जायच्या, जनावरांच्या मुताचा अमोनिया, १९२१ मध्ये शास्त्रज्ञांनी कारण शोधलं. आता आमच्या परसाला लागूनच म्हशींचा गोठा. कोल्हापुरात पितळ ठेवायला गोठ्यापासून लांब जागा शोधायची म्हणजे जिल्हाच बदलायला पाहिजे, नाद खुळा! म्हशी हलणार नाहीत, मग पुंगळीच उचलली आणि गच्चीवर नेली. ती वाळतेय तोवर खालून हाक, "हात वल्लाच हाय तर समई आन् घंगाळ पन घे." ते घंगाळ मी लहानपणी अंघोळीला बसायचो तेवढं!

शेवटी उद्यमनगरात मित्राचं वर्कशॉप आहे त्याला विचारलं. तो म्हणाला, आण भावा, बफ मारून चमकवतो आणि वरून क्लिअर लॅकरचा थर मारतो, बरीच वर्षं बघायला नको. मी आनंदानं घरी येऊन सांगितलं.

आजीनं चष्मा वर केला. "लॅकर मारल्यावर मग नवमीला तू काय करनार?"