झोपलेल्या नंबरांची राखण कशाला? ‘रात्रपाळी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ‘रात्रपाळी’,

तुमची प्रतिक्रिया वाचून आधी रागच आला. मग तुम्ही बोट ठेवलेला परिच्छेद पुन्हा काढून पाहिला आणि तो खोडावा लागला. त्यामुळे उत्तर द्यायला आठवडा गेला, माफ करा.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. इंटरनेटवरच्या स्वतंत्र नेटवर्कला एक एएस (ऑटोनॉमस सिस्टिम) नंबर मिळतो, आणि त्या नंबराच्या नावाने ते बीजीपीतून, म्हणजे नेटवर्कांनी एकमेकांना मार्ग कळवायच्या पद्धतीतून, ‘अमुक पत्ते माझ्याकडे आहेत’ असं जगाला सांगतं. असे लाखाच्या वर नंबर वाटून झालेत, पण आयपीव्ही-४ च्या राऊटिंग टेबलात एका वेळी दिसतात ते सुमारे पाऊण लाख. उरलेल्यांपैकी काहींची कंपनी बुडालेली असते, काही दुसऱ्या कंपनीत विरघळलेले असतात, काही घेऊन ठेवले आणि वापरलेच नाहीत. असा झोपलेला नंबर अचानक जागा झाला तर तो कुणी चोरून वापरत नाही ना ते बघावं, एवढं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचे तीन आक्षेप. आरपीकेआय (पत्त्यांवरचा हक्क डिजिटल सहीने तपासायची व्यवस्था) असताना ही वेगळी राखण कशाला? असले अलार्म बहुतेक फुसके निघतात आणि रात्रीचा फोन मात्र एनओसीतल्या, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या कक्षातल्या, माणसाला जातो. आणि तिसरा: लेखाखाली झोपलेल्या नंबरांची यादी छापून मी चोराला किल्ली कुठे टांगलीय तेच दाखवलं.

मधल्या आक्षेपापासून सुरू करते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे.

मागच्या महिन्यातली माझ्या यादीतली एक ओळ बघा. खरे नंबर झाकलेत, त्यांच्या जागी उदाहरणांसाठी राखून ठेवलेले घातलेत. प्रीफिक्स (पत्त्यांचा सलग गट) २०३.०.११३.०/२४, मार्ग ६४४९६, ६४५०१, ६४५१०. शेवटचा ६४५१० म्हणजे उगम, आणि तो सहा वर्षं गप्प होता. माझी स्क्रिप्ट अर्थातच ओरडली. पण आदल्या दिवसापर्यंत हेच प्रीफिक्स ६४५०१ स्वतःच्या नावाने जाहीर करत होता. आता ते दोन आकडे शेजारी ठेवून वाचा. कुणाला तरी आपला मार्ग लांब दाखवायला स्वतःचा नंबर आणखी एकदा जोडायचा होता (याला प्रीपेंड म्हणतात) आणि घाईत शेवटचे दोन अंक उलटे पडले. राऊटरने मुकाट्याने तो भलता नंबर जोडला, त्याच्यापुढे खरा नंबर लावला आणि पाठवून दिलं. चोरी वगैरे काही नाही, बोटाची चूक.

याचा दुसरा प्रकार तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिला असेल. काही राऊटरांत प्रीपेंड करताना किती वेळा ते लिहायचं असतं, काहींत नंबरच पुन्हा पुन्हा लिहायचा असतो. एकावरून दुसऱ्यावर आलेला माणूस ‘तीन वेळा’ म्हणून ३ लिहितो आणि मार्गाच्या शेवटी एएस ३ उगवतो. तो एमआयटीचा नंबर. त्या बिचाऱ्यांचा काही संबंध नसताना ते जगभरातल्या भलत्याच प्रीफिक्सांचे मालक दिसतात. उलटी चूक तर त्याहून गमतीची. फेब्रुवारी २००९ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या सुप्रोनेटने ‘किती वेळा’ या रकान्यात आपला नंबर, ४७८६८, लिहिला. त्या राऊटरने त्याला २५६ ने भागून बाकी घेतली, ती आली २५२, आणि तितक्या वेळा नंबर जोडलेला मार्ग जगात गेला. तो पचवता न आल्याने कितीतरी जुन्या राऊटरांची सेशन्स तुटत राहिली. एका रकान्याचा प्रताप!

तर हो, जागे झालेल्या नंबरांत अशा टायपिंगच्या चुका भरपूर असतात. पण त्या चाळता येतात. उगमाचा नंबर आणि त्याच्या शेजारचा नंबर यांत अंकाअंकांचा फरक किती? प्रीफिक्स कालपर्यंत त्या शेजाऱ्याच्याच नावावर होतं का? उगम एक-दोन अंकी आहे का? मार्ग कलेक्टरच्या (मार्ग गोळा करून ठेवणाऱ्या सर्व्हरच्या) एकाच पीअरला, म्हणजे त्याला मार्ग पुरवणाऱ्या नेटवर्कला, दिसतोय की अनेकांना? या चार प्रश्नांनी माझी यादी इतकी आखडते की सकाळी बसून हाताने बघता येते. आणि लेखात मी हे स्पष्ट लिहायला हवं होतं, लिहिलं नाही: हा अलार्म रात्री वाजवायचाच नसतो. ज्याचं स्वतःचं प्रीफिक्स पळवलं गेलंय त्याला मिनिटामिनिटाची घाई असते, इथे ती नसते. तुमच्या फोनवर कुणी हे जोडून दिलं असेल तर ते काढून टाका, माझ्या नावावर खपवा.

खोडलेला परिच्छेद म्हणजे ‘सहा महिने दिसला नाही तर झोपलेला धरावा’ हा नियम. तुम्ही लिहिलंत, ‘आमचा आपत्ती-केंद्राचा नंबर वर्षातून एकदा सरावाला उठतो, त्याला काय चोर म्हणणार?’ नाही म्हणणार. आणि यापेक्षा मोठी चूक तुम्ही दाखवली नाहीत, ती मीच सांगते. इंटरनेट एक्स्चेंजवरचे (नेटवर्कं एकमेकांना जोडायच्या जागेवरचे) राऊट सर्व्हर बहुतेक वेळा मार्गात आपला नंबर घालतच नाहीत. शेकडो नेटवर्कं त्यांच्यामार्फत रोज मार्गांची देवाणघेवाण करतात आणि कलेक्टरच्या नजरेतून तो नंबर जन्मात एकदाही दिसलेला नसतो. माझ्या नियमाने तो गाढ झोपलेला ठरला होता! राऊटव्ह्यूज आणि राईपचं (युरोपातल्या, पत्ते आणि नंबर वाटणाऱ्या रजिस्ट्रीचं) आरआयएस या दोन सार्वजनिक संग्रहांचे कलेक्टर जे पीअर देतील तेवढंच बघतात. तेव्हा ‘झोपलेला’ म्हणजे ‘इथून न दिसणारा’, इतकंच. आता मी महिन्यांचा सरसकट उंबरठा सोडून नंबराची स्वतःची सवय बघते: आधी कधी उठायचा, कुठल्या अपस्ट्रीममागून (त्याचे मार्ग पुढे नेणाऱ्या नेटवर्कमागून), कुठली प्रीफिक्सं घेऊन. तुमचा सरावाचा नंबर दर वेळी त्याच अपस्ट्रीममागे तीच प्रीफिक्सं घेऊन येत असेल, तर तो आता माझ्या यादीत येणार नाही.

आता आरपीकेआय. इथे मात्र मी मागे हटणार नाही.

रोआ म्हणजे आरपीकेआयमधली सही केलेली नोंद; तो सांगतो की हे प्रीफिक्स अमुक एएसने जाहीर करावं. तपासणारा राऊटर तीनपैकी एक निकाल देतो: वैध, अवैध, किंवा ‘रोआच सापडला नाही’. टाकून दिलं जातं ते फक्त अवैध. मे २०२४ मध्ये आयपीव्ही-४ मधले निम्मे मार्ग रोआखाली आले, त्याचा मलाही आनंद झाला. पण ही मोजणी जाहीर होणाऱ्या मार्गांची आहे. जे प्रीफिक्स जाहीरच होत नाही, ते या ‘निम्म्या’च्या अंशातही नाही आणि छेदातही नाही. आणि ज्या कंपनीत आज कुणी उरलेलं नाही तिच्यासाठी रोआ बनवणार कोण? जुन्या काळी वाटलेल्या पत्त्यांचं तर असं की एरिनच्या (उत्तर अमेरिकेतल्या रजिस्ट्रीच्या) हद्दीत करार केल्याशिवाय ही सोयच मिळत नाही. थोडक्यात, झोपलेल्याचा निकाल बहुतेक वेळा ‘सापडला नाही’ येतो आणि राऊटर त्याला आत घेतो.

बरं, रोआ आहे असं धरू. मग मार्गाच्या शेवटी खऱ्या मालकाचा नंबर चिकटवायचा आणि स्वतः त्याचा अपस्ट्रीम असल्याचा आव आणायचा. ऑगस्ट २०२२ मध्ये सेलर ब्रिज या क्रिप्टोचलनाच्या सेवेवरच्या हल्ल्यात हेच झालं: मार्गाच्या शेवटी अ‍ॅमेझॉनचा नंबर, पत्ते अ‍ॅमेझॉनचे, आरपीकेआयचा निकाल वैध. नंबर अगदी जागता होता तरी हे झालं. झोपलेल्या नंबराच्या बाबतीत तर खऱ्या मार्गाशी टक्करही नाही, कारण खरा मार्ग अस्तित्वातच नाही.

तुमच्या प्रतिक्रियेत एक वाक्य आहे: ‘मालकाने आपलं आपण सांभाळावं.’ माझं सगळं म्हणणं या वाक्याभोवती आहे. जानेवारी २०२४ मध्ये ऑरेंज स्पेनचं राईपमधलं खातं कुणीतरी उघडलं आणि रोआ बदलून ठेवले. लाखो ग्राहकांचं इंटरनेट बंद पडलं आणि काही तासांत दुरुस्ती झाली. कारण आरडाओरडा करायला माणसं होती. हेच खातं एखाद्या बंद पडलेल्या कंपनीचं असतं तर? ग्राहक नाहीत, एनओसी नाही, तक्रार नाही. रजिस्ट्रीत नोंदवलेल्या ईमेलचं डोमेन मुदत संपून बाजारात आलं की ते विकत घेणाऱ्याला पासवर्ड बदलता येतो, आणि मग तो स्वतःच्या सोयीचा रोआही बनवतो. तुमची आरपीकेआय त्या दिवसापासून चोराची साक्षीदार.

हे कल्पनेतलं नाही. २०११ मध्ये रशियातली लिंक टेलिकॉम ही कंपनी अडचणीतून सावरून परतली, तेव्हा तिचे पत्ते तिच्याच एएस नंबरने अमेरिकेतून जाहीर होत होते. तिचं मुदत संपलेलं डोमेन कुणीतरी घेतलं होतं आणि परवानगीची पत्रंही बनवली होती.

माझ्या यादीतलाही एक नंबर सांगते. साडेचार वर्षं गप्प, मग एका पहाटे तीन /२४ घेऊन उठला, अपस्ट्रीम पूर्वी कधी न दिसलेला. अंकांची चूक जुळत नव्हती. हूइजमध्ये (रजिस्ट्रीच्या उघड नोंदीत) संपर्काचा ईमेल होता, त्याचं डोमेन तीन आठवड्यांपूर्वी नव्याने नोंदवलेलं. फोन लावला, नंबर अस्तित्वात नाही. अपस्ट्रीमच्या एनओसीला लिहिलं. त्यांचं उत्तर सभ्य होतं: ग्राहकाने लेटरहेडवर परवानगीपत्र दिलंय आणि रजिस्ट्रीतल्या ईमेलवरून त्याला दुजोराही मिळालाय. म्हणजे त्यांनी नियमाप्रमाणे तपासलं होतं, फक्त ज्या पत्त्यावर विचारलं तोच नव्या हातात गेला होता. मी डोमेनची तारीख कळवली. नऊ दिवसांनी तिन्ही मार्ग नाहीसे झाले. ते कुणी काढले, तो मालकच होता की चोर, हे मला आजही माहीत नाही.

आणि म्हणूनच मी ‘अडवा’ कुठेही म्हटलं नव्हतं, ‘विचारा’ म्हटलं होतं. २० जानेवारी २०२१ ला दहा वर्षांहून जास्त काळ कुणी नाव न ऐकलेली एक संस्था एएस ८००३ मधून ११.०.०.०/८ जाहीर करू लागली. हे पत्ते अमेरिकी संरक्षण खात्याचे, वर्षानुवर्षं पडून असलेले. पुढच्या महिन्यांत आकडा साडेसतरा कोटी पत्त्यांच्या घरात गेला. माझ्या चाळणीत हे अगदी ठळक लाल आलं असतं. एप्रिलमध्ये खुलासा झाला की तो खात्याचाच प्रयोग होता, आणि सप्टेंबरमध्ये ते पत्ते खात्याच्या स्वतःच्या नंबराखाली गेले. कुणी आपोआप फिल्टर लावले असते तर मालकालाच दाराबाहेर ठेवलं असतं. विचारणारे मात्र पहिल्या दिवसापासून बरोबर होते.

प्रीफिक्सच्या मालकाला ‘हे कुणीच जाहीर करू नये’ असं सांगायची सोय आहे, रोआमध्ये एएस ० लिहायचा. नंबराच्या मालकाला असं काही नव्हतं. एएसपीए या, आपले अपस्ट्रीम कोण ते नोंदवायच्या नव्या पद्धतीच्या मसुद्यात ते येतं: माझा अपस्ट्रीम म्हणून एएस ० लिहिला की माझ्या वतीने कुणीच पुढे नेऊ नये असा अर्थ होतो. मला ते फार आवडलं. पण तेही जिवंत मालकानेच लिहायचं आहे ना.

राहिली यादी. मी तुमच्याशी वाद घालायला बसले होते, की रजिस्ट्र्यांच्या रोजच्या वाटप-फायली उघड्या आहेत, कलेक्टरांचं सगळं उघडं आहे, एका संध्याकाळीत कुणीही अशी यादी काढेल. ते खरंच आहे. पण मी माझी यादी पुन्हा पाहिली तेव्हा एक रकाना दिसला, ‘संपर्क डोमेनची स्थिती’, आणि त्यात काही ओळींपुढे मीच लिहिलं होतं: ‘उपलब्ध’. नंबर उघडे असणं वेगळं आणि कुठलं डोमेन आज विकत घेता येईल ते ओळीने मांडून देणं वेगळं. परवा यादी उतरवली. तो रकाना आता ज्या त्या रजिस्ट्रीला ईमेलने पाठवते. पाचपैकी दोघांची पोच आली आहे.

एक मागणं आहे. तुम्ही लिहिलंत की तुमच्याकडे प्रीपेंडच्या चुकांचा ‘खजिना’ आहे. नंबर झाकून त्यातल्या वीस-पंचवीस ओळी पाठवाल का? माझी चाळणी एखादा अंक दोनदा पडला तर ओळखते, पण अख्खा नंबर दोनदा चिकटला की अजून चकते.