हनी इराणी आणि आमच्याकडची ‘स्टार’ पोरं

उन्हाळ्याची सुट्टी लागली की जळगाव-धुळ्यात अभिनय शिबिरांचे फ्लेक्स झळकतात. त्यात आता अहिराणी रील्सची भर. एखादं पोरगं दोन मिनिटांच्या व्हिडिओत फाडफाड बोललं, व्ह्यूज वाढले, की गल्ली त्याला हिरो म्हणते आणि बाप मुंबईत ओळखीचं कोण आहे ते शोधायला लागतो. या पोरांचं मला कौतुकच आहे. पण पुढे काय, हे कुणी विचारत नाही. विचारलंच तर उत्तर ठरलेलं: चमकला तर हिरो, नाहीतर बापाचं दुकान आहेच.

या दोन्हींपेक्षा वेगळी वाट हनी इराणींची.

जुने हिंदी सिनेमे बघणाऱ्यांना डेझी आणि हनी या बालकलाकार बहिणी आठवतील. डेझी ‘नया दौर’मधली (१९५७), हनी ‘चिराग कहाँ रोशनी कहाँ’मधली (१९५९). दोघींना बऱ्याचदा मुलग्याचंच काम मिळायचं. मोठेपणी हनी ‘सीता और गीता’त (१९७२) दिसल्या, तिथेच पटकथालेखक जावेद अख्तर भेटले, लग्न झालं, झोया आणि फरहान झाले. आणि मग १९९१ साली यश चोप्रांच्या ‘लम्हे’च्या श्रेयनामावलीत लेखिका म्हणून हनी इराणी हे नाव आलं.

यावर हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, ‘जावेदची बायको, मग लिहिणारच.’ मला हे अजिबात पटत नाही. ‘लम्हे’ आला तोवर तो संसार कधीच मोडला होता. आणि गोष्ट तरी कसली निवडली बघा. नायकाचं जिच्यावर प्रेम, तिचं लग्न दुसऱ्याशी होतं, ती वारते, आणि तिचीच मुलगी मोठी होऊन याच्या प्रेमात पडते. आपल्याकडच्या प्रेक्षकाला ते पचलं नाही, सिनेमा तेव्हा चालला नाही. उत्कृष्ट कथेचं फिल्मफेअर मात्र हनीबाईंनी नेलं. १९९३ साली ‘डर’, २००० साली ‘कहो ना प्यार है’ आणि ‘क्या कहना’. लग्नाआधी दिवस गेलेली मुलगी बाळ ठेवायचं ठरवते आणि सगळा सिनेमा तिच्या बाजूने उभा राहतो, ही ‘क्या कहना’ची गोष्ट. तिलाही कथेचं फिल्मफेअर. पुढे ‘कोई मिल गया’, ‘क्रिश’. मध्ये ‘अरमान’चं (२००३) दिग्दर्शन केलं, ते सोडून देऊ.

माझं म्हणणं असं की हे लिखाण त्यांच्या बालपणातून आलेलं आहे. सेटवरचं पोर दिवसभर काय करतं? बसून असतं. लाइट लागायची वाट बघतं. तोच सीन मोठी माणसं पुन्हापुन्हा करतात, ते बघतं. नट कुठल्या वाक्याला अडखळतो, कुठलं वाक्य ऐनवेळी कापलं जातं, हे त्याच्या कानावर पडत राहतं. पटकथेच्या कुठल्याही पुस्तकात हे मिळत नाही.

आमच्या बालनाट्याच्या तालमीतलीच गोष्ट. एका सीनमध्ये उशिरा घरी आलेल्या नातवाला आजी म्हणते, ‘बाळा, किती उशीर केलास.’ अमळनेरकडचा एक पोऱ्या, चौथीतला, तिथेच थांबला. ‘सर, मनी आजी असं नही बोलस.’ मग कसं बोलते? त्याने कमरेवर हात ठेवला, मान वाकडी केली आणि म्हणाला, ‘कथा गयथा रे इतला येळ?’ (कुठे गेला होतास रे इतका वेळ?) तालमीतले सगळे हसले आणि वाक्य बदललं गेलं. पण संहितेवर ते पेनाने लिहिलं आमच्यातल्याच एका मोठ्या माणसाने. पोऱ्याच्या हातात पेन द्यायचं कुणाला सुचलं नाही. स्पर्धेत बक्षीसही त्याला अभिनयाचंच मिळालं.

इथेच आपलं चुकतं. पोरगं चांगलं बोललं की आपण त्याला अजून पाठांतर देतो. त्याने वाक्य बदललं तर ‘आगाऊपणा करू नको’ म्हणतो.

दुसरं, लिहिणाऱ्याला आपल्याकडे मान नाही. कुठलाही अहिराणी व्हिडिओ उघडा. कलाकारांची नावं, कॅमेऱ्यावाल्याचं नाव, चॅनेलचं नाव मोठ्ठं. लेखक? बहुतेक ठिकाणी गायब. हिंदीत निदान कथा, पटकथा, संवाद अशी तीन वेगळी श्रेयं असतात. आपल्याकडे ‘सगळ्यांनी मिळून केलं’ एवढ्यावर भागतं. शेजारच्या मालेगावात घरच्या पैशांनी, व्हिडिओ कॅमेऱ्यावर सिनेमे काढणाऱ्या पोरांवर २०२५ मध्ये ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ आला. त्यातलं मोठं भांडण लेखकाच्या मानाचंच आहे. आणि निर्माते कोण, तर झोया आणि फरहान, हनी इराणींचीच मुलं. मला यात योगायोग वाटत नाही, तुम्हाला वाटत असेल तर वाटू द्या.

यंदा शिबिर घेणाऱ्या मित्रांना एकच मागणं आहे. पहिले दोन दिवस आवाजाचे व्यायाम, आरशासमोरचे हावभाव बाजूला ठेवा. पोरांना आपापल्या घरातलं एक भांडण लिहून आणायला सांगा, अहिराणीत, तावडीत, लेवा बोलीत, जशी घरात बोलतात तशी. मग तेच बसवा आणि कार्यक्रमपत्रिकेवर लेखक म्हणून त्या पोराचं नाव छापा.

आणि जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, कुठेही लहान मुलांना पटकथा शिकवणारं कुणी असेल तर कळवा. अमळनेरच्या त्या पोऱ्याची आई विचारत होती.