चिखलाचा डीएनए वाचला म्हणजे नवा जीवाणू सापडला असं होत नाही

एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. त्याचा गाभा असा: खारफुटीच्या चिखलात प्रकाशावर जगणारे जांभळे जीवाणू असतात, ते हवेत प्राणवायू सोडतात, चिखलाचा डीएनए सिक्वेन्सिंगला, म्हणजे त्यातली अक्षरं वाचायला पाठवला की नव्या प्रजातींची यादी हातात येते, कारण माहीत असलेल्या जीवाणूंशी 97 टक्क्यांहून कमी जुळलं की जीवाणू नवाच, बाटल्यांत जीवाणू वाढवत बसण्याचे दिवस गेले. मजकूर खारफुटीच्या कौतुकानं लिहिलेला आहे, म्हणून विद्यार्थी तो लगेच खरा धरतात. मला त्याचीच काळजी वाटते.

प्राणवायूपासून सुरुवात करतो. तिवरांच्या मुळाशी चिखल बोटभर उकरा, खाली काळा थर लागतो आणि सडक्या अंड्यांचा वास येतो. समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरणारे जीवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, त्याचा हा वास. जांभळे गंधक-जीवाणू प्रकाशसंश्लेषणात पाण्याच्या जागी हाच वायू वापरतात, त्यामुळे त्यांच्याकडून प्राणवायू निघत नाही, गंधक निघतं. यांच्याच अभ्यासातून सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ व्हान नील यांनी 1930 च्या दशकात मांडलं की वनस्पती सोडतात तो प्राणवायू पाण्यातून येतो. चिखलावर हिरवट साय धरते ती बहुधा सायनोबॅक्टेरियांची, म्हणजे वनस्पतींसारखं पाणी वापरून प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवाणूंची. प्राणवायू सोडतात ते हे. मजकुरात दोघांची सरमिसळ झाली आहे.

‘जांभळे’ म्हणजे एकच जात, असाही सूर त्यात आहे. रंग मुख्यतः कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांचा असतो आणि लांबच्या नात्यातल्या जीवाणूंचाही सारखा दिसू शकतो. रंगावरून एवढंच कळतं की पुढं बघायला हवं.

आता 97 टक्के. हा आकडा 16एस आरआरएनए या एका जनुकाचा आहे. ते सगळ्या जीवाणूंत असतं, म्हणून तुलनेला वापरतात; लांबी साधारण 1,500 डीएनए-अक्षरं. 1994 मध्ये तो सुचवला गेला तो असा: जुळणी याहून कमी असेल तर प्रजाती वेगळी समजायला हरकत नाही. पुढं ही रेषा 98.7 टक्क्यांच्या आसपास सरकली. उलट बाजू मजकुरात आलेलीच नाही: जुळणी 99 टक्क्यांच्या वर असूनही प्रजाती वेगळ्या असू शकतात. म्हणून आज पूर्ण जीनोमची, म्हणजे जीवाणूच्या सगळ्या डीएनएची तुलना करतात, आणि तिथं सीमारेषा 95-96 टक्क्यांची आहे. शिवाय चिखलाच्या सरसकट सिक्वेन्सिंगमध्ये बहुतेकदा या जनुकाचा छोटा तुकडाच वाचला जातो, आणि दोन जीवाणूंचे तुकडे चुकून एकत्र जोडले गेले तर अस्तित्वातच नसलेला ‘नवा’ जीवाणू यादीत येतो. अशा यादीवरून कुठं शोधायचं हे कळतं. तिच्यावरून नाव देता येत नाही.

आणि बाटल्यांचे दिवस गेलेले नाहीत. बाटली माध्यमानं, म्हणजे जीवाणूंच्या पोषक द्रावणानं काठोकाठ भरायची, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, चिमूटभर चिखल घालून झाकण घट्ट लावायचं आणि साध्या, तारेच्या पिवळ्या बल्बसमोर ठेवायची. त्या बल्बमध्ये या जीवाणूंना लागणारा अवरक्त प्रकाश भरपूर असतो. कित्येक दिवस काहीच होत नाही. मग एका सकाळी काचेच्या उजेडाकडच्या बाजूला कोकमाच्या आगळासारखा डाग दिसतो. तरीही ते मिश्रणच असतं. पातळ अगारमध्ये (जेलीसारख्या पदार्थात) पुन्हापुन्हा विरळ करत एकेक वसाहत वेगळी काढावी लागते. मग पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या: गंधकाचे कण आत आहेत की बाहेर, शेपटी आहे का, किती मीठ सोसतात, अंधारात वाढतात का.

गोव्याच्या खारफुटीतल्या मातीतून ‘मॅरिक्रोमॅटियम इंडिकम’ हा जांभळा गंधक-जीवाणू याच वाटेनं आला. हैदराबादच्या शशिकला आणि रमणा यांच्या गटानं जर्मनीच्या इमहॉफ यांच्यासोबत 2005 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्याचा मूळ स्ट्रेन, म्हणजे ज्यावरून प्रजातीचं वर्णन झालं ते शुद्ध वाण, जेए100. प्रजातीचं नाव वैध ठरायला असा स्ट्रेन दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत जमा करावा लागतो. आपल्याकडे पुण्यातही असा राष्ट्रीय संग्रह आहे.

मजकुरात एक गोष्ट खरी आहे: बरेच जीवाणू बाटलीत वाढतच नाहीत. त्यांच्यासाठी ‘कॅन्डिडाटस’ हा तात्पुरता दर्जा पूर्वीपासून आहे, आणि 2022 मध्ये आलेल्या सीक्वकोड या नियमावलीनुसार जीनोमवरूनही नाव देता येतं. पण तिथंही चांगल्या दर्जाचा जीनोम सादर करावा लागतो. एका जनुकाच्या तुकड्यावर तिथंही नाव मिळत नाही.