‘अख्खं मूल’ कोण बघतं?

आमच्या इंजिनीअरिंगच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप निकालाच्या दिवसांत हमखास पेटतो. यंदा एका मित्राच्या मुलाला सीईटीत अपेक्षेपेक्षा कमी पर्सेंटाइल मिळालं आणि त्याने लिहिलं, ‘तीन तासांत पोराचं आयुष्य ठरवणारा आपला देश! अमेरिकेत बघा, अख्खं मूल बघतात.’ खाली टाळ्यांची रांग. मी अमेरिकेतच राहते, मला ते दिवसभर खुपत राहिलं.

कॉलेजात प्रवेश देताना अख्खं मूल म्हणजे काय बघतात? ६५० शब्दांचा निबंध, शिफारसपत्रं, नववीपासूनचे ग्रेड्स, खेळ, वाद्य, समाजसेवा. यातलं बरंचसं विकत मिळतं. निबंधाला कोच असतो, फेन्सिंगला क्लब, समाजसेवेला कोस्टा रिकाची सहल. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये आयव्ही लीग (हार्वर्डसारखी इथली नामांकित विद्यापीठं) आणि तशाच मोजक्या कॉलेजांचे आकडे मांडले. एसएटी-एसीटी या इथल्या प्रवेशपरीक्षांचे गुण सारखे असूनही सगळ्यात श्रीमंत १ टक्का घरांतली मुलं तिथे पोचण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त! २०१९ मध्ये तर कधी वल्हं न मारलेल्या मुली रोइंगपटू म्हणून घुसवल्याचं प्रकरण कोर्टात गेलं.

कोविडमध्ये इथे एसएटी ऐच्छिक झाली, तेव्हाही ग्रुपवर असाच जल्लोष होता. एमआयटीने २०२२ मध्येच ती परत सक्तीची केली. २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राऊन, हार्वर्ड, कॅलटेक. डार्टमथला आढळलं की साधारण परिस्थितीतली मुलं आपले गुण कमी समजून लपवत होती. दाखवले असते तर फायदा त्यांचाच होता. (कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं हे गुण बघतच नाहीत. माझ्या मुद्द्याच्या आड येतं, पण असू दे.)

‘आणि नीटचा पेपर फुटला तो?’ मित्राने लगेच विचारलं. फुटला. २०२४ मध्ये आधी ६७ जणांना ७२० पैकी ७२०, मग १५६३ जणांचे ग्रेस मार्क रद्द, फेरपरीक्षा, सुप्रीम कोर्ट. लाज वाटावी असाच प्रकार. पण पेपर फुटला हे कळतं तरी, कोर्टात भांडता तरी येतं. सतरा वर्षांच्या मुलाचा निबंध नक्की कुणी लिहिला, हे कुठल्या कोर्टात सिद्ध करणार? सीईटीची गुणवत्ता यादी लागते, कुठल्या कॉलेजात कुठल्या प्रवर्गाचा कटऑफ किती, ते कुणीही बघावं. इथल्या नकाराच्या पत्रात कारणच नसतं. मॅनेजमेंट कोट्याचं नाव काढू नका, तो वेगळा रोग आहे.

यावर एकजण म्हणाला, ‘तुला तिकडे बसून बोलायला काय जातं?’ हे लागलं. मुलगी अकरावीत आहे. एसएटी दोनदा देऊन झाली. वर ज्या कोचमंडळींना नावं ठेवली, त्यांच्यातल्याच एकाला मी तासाचे पैसे मोजते. गणित, रोबोटिक्स, भरतनाट्यम् ही यादी बघून तो म्हणाला, असे अर्ज ढिगाने येतात, काही वेगळं शोधा. मुलगी म्हणाली, ‘बरोबर बोलतोय तो, आई.’

मी इंजिनीअरिंगला गेले तेव्हा माझ्याबद्दल कुणाला काही वाटण्याची गरजच पडली नव्हती. वडील एसटीत कंडक्टर, ओळख ना पाळख. गुण होते, जागा मिळाली. मी कशी बोलते, चारचौघांत कशी दिसते हे कुणी पाहिलं असतं, तर मला आत घेतलं नसतं. म्हणून मी त्या परीक्षेची वकिली करते. मित्र म्हणतो, आता तीसुद्धा कोटा-लातूरच्या फिया परवडणाऱ्यांचीच झाली आहे. त्याला मी उत्तर दिलेलं नाही. तिकडच्या रांगेत माझं कुणी उभं नाही, आणि इकडच्या रांगेत कसं उभं राहायचं ते मला मुलीकडून शिकावं लागतं.

परवा शाळेच्या काउन्सेलरने पालकांना ब्रॅग शीट, म्हणजे मुलांचं कौतुक लिहायचा फॉर्म, पाठवली. मुलीचं वेगळेपण तीन विशेषणांत सांगा, एखादा प्रसंग लिहा. नवऱ्याने ‘हुशार, कष्टाळू, नम्र’ लिहिलं. सगळे इंडियन पॅरेंट्स हेच लिहितात म्हणून तिने ते खोडलं. मग मी बसले. आपल्याच पोरीचं कौतुक परक्या माणसाला लिहून द्यायचं, हे मला जमेना. प्रसंगाच्या रकान्यात मी तिचे एसएटीचे गुण लिहिले. तिने तेही खोडले.