कारलं विरुद्ध मटकी

संक्रांत झाली की उन्हाळी कारली लावायला घ्यावीत, असं जाणकार सांगतात. सांगायला काय जातं! जानेवारीत पुण्यात रात्रीचा पारा १०-१२ अंशांवर उतरतो आणि कारल्याच्या बीला रुजायला हवेत २५ ते ३०. गार मातीत टाकलं तर ते नुसतं लोळत पडतं आणि शेवटी कुजतं. म्हणून आधी घरात मोड आणायचे आणि मग गॅलरीतल्या कुंडीत लावायचं.

हे बी म्हणजे अधिक महिन्यातला जावई. टरफल टणक, म्हणून आधी नेलकटरनं कडेला जराशी चीर द्यायची, तीही आतल्या गराला धक्का न लावता. मग रात्रभर कोमट पाण्यात डुंबायला सोडायचं. मग सुती फडक्यात गुंडाळायचं. फडकं ओलं हवं, पण घट्ट पिळलेलं, नाहीतर साहेब गुदमरतात. हे सगळं मी आनंदानं केलं. अडलं ते उबेपाशी.

आमच्या घरात खात्रीची ऊब एकाच जागी, शेगडीशेजारच्या कोपऱ्यात. तिथे आईच्या मटकीची वर्षानुवर्षांची वहिवाट. मी डबा हळूच शेजारी सरकवला.

"अहो, हे गुलाबी काय आहे?" हिनं झाकण उघडून विचारलं.

"थायरम. बुरशीनाशक. बियाण्याला लावूनच येतं."

"म्हणजे विष. उसळीशेजारी!"

डबा ओट्यावरून हद्दपार झाला. शोधाशोध करून वायफायच्या राउटरवर ठेवला. तिथली ऊब खरंच झकास. पण मीटिंग अडकली की मुलगी ओरडायची, "बाबा, तुमचं कारलं काढा!" मग डबा माझ्या शालीत आला.

"आता पोटाशी घेऊन झोप," आई म्हणाली. (विचार माझ्याही मनात येऊन गेला होता.)

दरम्यान मटकीला मोड आले, उसळ झाली, संपली, पुढची मटकी भिजली. कारलं ढिम्म. मी दर दोन तासांनी फडकं उलगडून बघायचो. त्यानं असलेली ऊबही जाते हे मला ठाऊक होतं, पण राहवत नाही माणसाला.

शेवटी एका सकाळी टरफलाच्या फटीतून पांढरं टोक डोकावलं. त्यानं फडक्याच्या विणीत असं काही डोकं खुपसलं होतं की ओढावं तर मोडेल. तेवढं फडकं कात्रीनं कापून बीसकट मातीत ठेवलं, टोक खाली करून. ते फडकं हिच्या जुन्या ओढणीचं होतं, हे आम्हा दोघांनाही तेव्हाच कळलं.

"पण कारली लागली तर खाणार कोण?" ही म्हणाली. "तुम्ही तर तोंड वाकडं करता."

मी गप्प.

"खालच्या काकांना देऊ," आई म्हणाली. "आपल्या कुंड्यांचं पाणी त्यांच्या कपड्यांवर ठिबकतं म्हणून रोज भांडतात ना? भरपूर लागू देत."