सोडला म्हणजे सुटला?

शनिवारी खोल समुद्रात गरवायला गेलो होतो. दिवसभर फक्त ल्यूर, म्हणजे माशासारखं दिसणारं नकली आमिष. जिवंत किंवा मेलेलं आमिष एकदाही गळाला लावलं नाही. सहा जातींचे मासे लागले. एवढं मिश्र घबाड एका दिवसात मला याआधी क्वचितच मिळालंय. फोटो खाली टाकलेत, ज्यांना तेवढेच बघायचेत त्यांनी खुशाल बघून पुढे जावं. मला लिहायचंय ते त्या फोटोंत नसलेल्या माशाबद्दल. तो मी सोडला होता. सोडला म्हणून दोन मिनिटं छाती फुगवूनही घेतली होती.

बरोबर आतेभाऊ होता. खोल पाण्यात त्याची पहिलीच खेप. त्यामुळे दिवसभर प्रश्न. त्यातल्या एका प्रश्नाने मला गप्प केलं, तिथे येतोच.

उजाडता उजाडता सुरय पक्षी दिसले. हवेतून दगडासारखे पडत होते आणि खाली पाणी उकळल्यासारखं खदखदत होतं. अशा वेळी हात शिवशिवतात आणि माणूस बोट थेट त्या खदखदीत घालायला सांगतो. तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, तसं केलं नाही. वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन इंजिन मंद केलं आणि बोट आपसूक वाहू दिली. थव्यात इंजिन घातलं की छोटे मासे फुटतात, मोठे खाली बुडी मारतात आणि आपण रिकाम्या पाण्याकडे बघत बसतो. मी हे स्वतः इतक्या वेळा केलंय की आता तांडेल जे करेल ते बघत राहतो.

कुपे होते. चाळीस ग्रॅमचा लोखंडी तुकडा फेकायचा आणि जीव खाऊन रील फिरवायची. हळू ओढलंत तर कुपा मागे येतो, बघतो आणि वळतो. भावाने तिसऱ्या फेकीला धरला. रीलचा आवाज ऐकून घाबरला आणि ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, आवळायला गेला. मी ओरडलो. ड्रॅग किनाऱ्यावरच वजनकाट्याला लावून बसवला होता, लाईनच्या ताकदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका. मासा पळत असताना त्याला हात लावायचा नसतो. पळू दे, दमेल. दमला. बोटीखाली गोल गोल फिरायला लागला, ट्यूनाच्या जातीतले सगळेच तसे फिरतात, आणि वर आला.

आता ऐका, कारण पुढचं सगळं इथून सुरू होतं. कुप्याला थांबून श्वास घेता येत नाही. तोंड उघडं ठेवून सतत पोहत राहायचं, पाणी कल्ल्यांतून जात राहायचं, तेव्हा त्याला ऑक्सिजन मिळतो. म्हणजे आपण त्याला आडवा धरून तीन कोनांतून फोटो काढतो तेव्हा एका धावपटूला शर्यत संपताक्षणी नाक-तोंड दाबून उभं केलेलं असतं. दोन कुपे ठेवायचे ठरवलं होतं. ते लगेच रक्त काढून समुद्राचं पाणी घातलेल्या बर्फात गेले. नुसत्या बर्फाच्या तुकड्यांपेक्षा हा खारा काला मासा कितीतरी लवकर थंड करतो. कुपा लढून तापलेला असतो, आणि अशा लालसर मांसाच्या माशात उन्हात हिस्टामिन, म्हणजे खाणाऱ्याला बाधणारं रसायन, तयार झालं की ते नंतर कितीही शिजवलं तरी जात नाही. तिसरा मी फोटो न काढता सोडला, डोकं खाली करून, भाला मारावा तसा पाण्यात जोरात. हळुवारपणे पाण्यात ठेवायचा नाही. तो वेग त्याच्या कल्ल्यांतून पाणी ढकलतो. शेपटी मारून गेला.

हा खरा सोडलेला मासा.

मग ट्रोलिंग, म्हणजे चालत्या बोटीमागे ल्यूर ओढत नेणं. मला ट्रोलिंगचा कंटाळा आहे, हे इथे अनेकांना आवडणार नाही. इंजिन मासे शोधतं, इंजिनच ल्यूर ओढतं, आपण डिझेलचा वास घेत डुलक्या काढतो. पण सुरमई हवी असेल तर खडकाच्या कडेने मिनो, म्हणजे छोट्या माशाच्या आकाराचं ल्यूर, ओढण्यासारखं दुसरं काही नाही. पाच-सहा नॉट वेग, मागे दोन रॉड. भावाने ल्यूर हातात घेऊन विचारलं, या प्लॅस्टिकच्या तुकड्याला मासा फसतो कसा? त्याला लौरी रापालाची गोष्ट सांगितली. फिनलंडचा साधा मच्छीमार. त्याने पाहिलं की मोठा मासा अख्ख्या थव्यातून नेमका तोच छोटा मासा उचलतो जो जरा तिरका, लंगडत पोहतोय. १९३६ साली त्याने बूच कोरून तशी लंगडणारी चाल ल्यूरमध्ये आणली. चॉकलेटची चांदी बाहेरून गुंडाळली, फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वरून लेप दिला. आज बाजारात इतके रंग, इतक्या चकाकत्या डोळ्यांची ल्यूर मिळतात, पण विकली जाते ती जखमी माशाची चालच. रंग बहुतेक करून आपल्यासाठी असतात, माशासाठी नाही.

दोन सुरमया मिळाल्या. तिसरीने लीडर, म्हणजे ल्यूरजवळचा जाड दोरा, कात्रीने कापावा तसा कापला. तार लावायचा आळस माझा. मग एक लांबलचक बराकुडा. तो पकड घेऊन बाजूलाच सोडला, बोटीत घेतलाच नाही. प्रवाळाच्या भागातला मोठा बराकुडा मी खायला घेत नाही. सिग्वाटेराचं विष त्यात साठलेलं असू शकतं, त्याला ना वास ना चव, आणि शिजवूनही ते नष्ट होत नाही. ल्यूरचे तीन तोंडी गळ काढून मी एकेरी गळ लावलेत आणि त्यांच्या टोकाजवळचे, मासा निसटू न देणारे उलटे काटे पकडीने दाबून टाकलेत. त्यामुळे गळ काढायला पाच सेकंद लागले. काटे दाबले की मासे निसटतात असं म्हणतात. लाईन ढिली सोडणाऱ्यांचे निसटतात.

इथपर्यंत मी स्वतःवर खूष होतो.

अकराच्या सुमारास साठ मीटर खोलीवरच्या खडकावर गेलो. फिशफाइंडरवर तळापासून वर चढलेली दाट कमान दिसत होती. जिगिंग हा माझा आवडता प्रकार. दोनशे ग्रॅमचा जिग, म्हणजे धातूचं जड ल्यूर, तळाला टेकू द्यायचा, मग मनगटाने उचलायचा आणि पडू द्यायचा. मासा बहुतेक वेळा जिग पडतानाच लागतो. जपान्यांनी विकसित केलेल्या स्लो पिच प्रकारात तर सगळा खेळ त्या पडण्याचाच आहे. जिग वाळलेल्या पानासारखा डोलत खाली जातो आणि रॉडला एक अलगद टकटक होते. या क्षणासाठी मी आठवडाभर ऑफिसात बसू शकतो.

दोन तांब आले. लाल, तगडे. खाण्यापुरते मासे झाले होते. तिथेच थांबायला हवं होतं.

थांबलो नाही. म्हटलं, आता जे येईल ते सोडू. मजेसाठी. भावाला जिगिंग शिकवायचंही होतं ना! पुढच्या झटक्याला रॉड वाकला तो वाकलाच. हेकरू, पाच-सहा किलोचा. वर येताना शेवटच्या वीस मीटरला त्याने झुंज सोडली. मी भावाला म्हणालो, बघ, दमला. तो दमला नव्हता. त्याच्या आतली हवा फुगत होती.

पृष्ठभागावर आला तेव्हा डोळे बाहेर आलेले, पोट टम्म, तोंडातून गुलाबी फुग्यासारखं काहीतरी लोंबत होतं. मी हे आधी पाहिलेलं आहे. तरीही गळ काढला, फोटो काढला, आणि नाटकी आदराने त्याला पाण्यात सोडलं. जा बाबा, मोठा हो.

तो गेला नाही. उलटा झाला आणि लाटांवर तरंगत राहिला. कल्ले हलत होते. शेपटी मारत होता, खाली जायचा प्रयत्न करत होता आणि बुचासारखा परत वर येत होता. बोट वाहत पुढे गेली.

"दादा, हा पोहत का नाही?" भावाने विचारलं.

मी म्हणालो, जाईल जरा वेळाने. खोटं बोललो. तांडेलाने माझ्याकडे पाहिलं, काही न बोलता बोट वळवली. पोचेपर्यंत एक कुरव पक्षी त्याच्यावर बसला होता. डोळ्यापासून सुरुवात केली होती. मी त्या हेकरूला गॅफने, म्हणजे लांब दांड्याच्या आकड्याने, वर घेतला आणि डोक्यात खिळा घालून संपवला. हे मी सुरुवातीलाच करायला हवं होतं.

आता त्यामागचं साधं गणित. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाने, म्हणजे पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाइतका, वाढतो. साठ मीटरवर एकूण दाब पृष्ठभागाच्या सातपट. तांब आणि हेकरू यांच्या शरीरात बंद हवेची पिशवी असते, तिला बाहेर उघडणारी वाट नसते. त्या खोलीवर नीट बसलेली हवा वर येताना सातपट व्हायला बघते. पिशवी फाटते किंवा बाकीच्या अवयवांना ढकलते. तोंडातून लोंबतं ते बहुतेक वेळा जठर असतं. लोक तीच हवेची पिशवी समजून सुरीने टोचतात आणि आपण माशाचं भलं केलं असं मानतात. हळूहळू वर ओढला तर चालेल, हा दुसरा गैरसमज. ती हवा रक्तातून शोषली जायला तासन् तास लागतात. आपल्या हळू ओढण्याला माशाच्या लेखी काही अर्थ नाही.

आणि हेकरूबाबत आणखी एक. त्याच्या बऱ्याच जातींत मासा आयुष्याची सुरुवात मादी म्हणून करतो आणि मोठा झाल्यावर नर होतो. म्हणजे आपण 'काय मोठा धूड' म्हणून जो फोटोत धरतो तो त्या खडकावरच्या मोजक्या नरांपैकी असण्याची शक्यता मोठी.

उलट सुरमई, कुपा आणि परतताना लागलेला महीमाही यांना ही हवेची पिशवीच नाही. त्यांना दाबाचा हा त्रास नाही, त्यांना श्वासाचा त्रास आहे. एकाच दिवसात, एकाच बोटीवर, एकाच माणसाच्या हातून निघालेले मासे, पण प्रत्येकाला मारणारी गोष्ट वेगळी. म्हणून 'मी कॅच अँड रिलीजवाला, म्हणजे पकडून सोडणारा आहे' असं सरसकट सांगणाऱ्यांवर माझा विश्वास उरलेला नाही. शनिवारी सकाळपर्यंत मी त्यांच्यातलाच होतो. कोणता मासा, किती खोलीवरून, हे न सांगता रिलीज या शब्दाला काही किंमत नाही. साठ मीटरवरून मजेसाठी हेकरू ओढून सोडणारा आणि तोच हेकरू घरी नेऊन खाणारा, यांत मला दुसरा जास्त प्रामाणिक वाटतो. त्याने निदान मारलेला मासा मोजला तरी.

कोणी म्हणेल, एका ट्रॉलरच्या एका ओढीत जेवढं मरतं तेवढं आपण जन्मभर गरवून मारणार नाही. खरं आहे. मीही हे वाक्य अनेकदा वापरलंय, आणि दर वेळी स्वतःला सोयीचं होतं तेव्हाच. ट्रॉलरवाला निदान पुण्यकर्माचे फोटो टाकत नाही.

मग खोल पाण्यात जिगिंग करूच नये का? मी करणार. पण हवे तेवढे तळचे मासे झाले की जिग बॉक्समध्ये आणि बोट दुसरीकडे. नको असलेला मासा मध्येच लागतोच, त्यासाठी त्याला वजन लावून परत खाली पोचवायची सोय बोटीवर तयार हवी. खाली गेला की दाब हवेला पुन्हा दाबून बसवतो आणि पुष्कळ मासे सावरून पोहत निघून जातात. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातातल्या खडकमाशांसाठी असं साधन किंवा हवा काढायची पोकळ सुई हाताशी ठेवण्याची सक्ती करणारा कायदा २०२२ साली लागू झाला. सुई टोचायला नेमकी जागा माहीत असावी लागते. माझा माझ्याच हातावर तेवढा भरवसा नाही, त्यामुळे मी वजनाच्या बाजूचा.

परतताना एक वाहत आलेला ओंडका दिसला. खाली महीमाहीचा थवा. पिवळे-निळे, पाण्यातच दिवे लावल्यासारखे. पहिला लागलेला बोटीजवळ पाण्यातच ठेवला की बाकीचे त्याच्या मागे येऊन घुटमळतात, हे भावाला दाखवलं. हा मासा झपाट्याने वाढतो, काही महिन्यांतच अंडी घालू लागतो आणि चार-पाच वर्षांत त्याचं आयुष्य आटपतं. त्यामुळे एक ठेवताना मला वाईट वाटलं नाही. मरताना त्याचा रंग डोळ्यांदेखत उतरतो, तेव्हा भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. बाकीचे पाण्यातूनच सोडले. हात लावला नाही, फोटोही नाही.

रविवारी बसून वजन बनवलं. दोन किलोचं शिसं, काटा दाबलेला एक मोठा गळ. लाईन गळाच्या डोळ्याला, म्हणजे वरच्या भोकाला, बांधायची नाही, वाकाला बांधायची. डोळ्याला शिसं लटकवायचं. गळ उलटा होतो. तो माशाच्या जबड्याच्या पातळ पडद्यातून अडकवायचा आणि वजनाबरोबर माशाला तळापर्यंत सोडायचं. तळाला टेकलं की वर एक झटका, गळ सुटतो. भावाला फोटो पाठवला. त्याचा लगेच मेसेज आला, पुढच्या वेळी हे माझ्याकडे दे, तू फोटो काढत बसशील.