फोम लावून शेजाऱ्याचा टीव्ही थांबत नाही

खोली साउंडप्रूफ करण्यावरून तिकडे भारतात वाद पेटला की दोनच पक्ष दिसतात: भिंतीला फोम लावणारे आणि अंड्यांचे ट्रे चिकटवणारे. इकडे परदेशात बसून ते वाचताना चीड येते. दोन्हींना वजन नाही, आणि हवेतून येणारा आवाज अडतो तो वजनाने. भिंतीचं वजन दुप्पट केल्यावर कुठे पाच-सहा डेसिबलचा फरक पडतो. फोम खोलीतला घुमारा कमी करतो, बस्स. शिवाय साधा फोम भडकन पेटतो.

आणि हे कोण करतंय? ज्यांच्याकडे विटेची भिंत आहे ते! दोन्हीकडून गिलावा केलेली अर्ध्या विटेची भिंत ४० डेसिबल सहज अडवते. इकडे लाकडी सांगाडा, दोन्ही अंगांना एकेक जिप्सम बोर्ड. मधे पोकळी रिकामी असेल तर जेमतेम ३५. विटेची बरोबरी करायची तर पोकळीत रॉकवूल (दगडी तंतूंची गादी) भरा, बोर्ड थेट लाकडाला टेकू नये म्हणून सांगाड्यावर लवचीक धातूपट्ट्या मारा, त्यावर १२.५ मिमीच्या बोर्डाचे दोन थर, सांध्यावर सांधा येऊ न देता. एवढं करूनही लांब स्क्रू पट्टीतून थेट लाकडात घुसले की पट्टीचा उपयोग संपला.

तिकडे आवाज शिरतो तो दार-खिडकीतून. भिंतीचा एक टक्का भाग उघडा राहिला तरी, बाकी भिंत कितीही जाड असो, सगळा हिशेब २० डेसिबलवर अडकतो. स्लायडिंग खिडकी सरकते ती फटीमुळेच. तिच्या आत १०० मिमी सोडून रबरावर घट्ट मिटणारी दुसरी खिडकी बसवा. काच पहिलीपेक्षा वेगळ्या जाडीची, शक्यतो लॅमिनेटेड (दोन काचांमधे प्लास्टिकचा पडदा असलेली). पोकळ फ्लश डोअरऐवजी भरीव दार, चौकटीला तिन्ही बाजूंनी रबर, तळाला दार मिटताच खाली उतरणारी पट्टी. चौकटीभोवतीची फट कडक न होणाऱ्या सीलंटने भरा, सिमेंट तडकतं. हवेसाठी आतून अस्तर लावलेली, दोन वळणांची डक्ट ठेवा, नाहीतर गुदमरून खिडकी उघडाल.

‘तुला काय ठाऊक इकडचं?’ असं तिकडचे लोक विचारतात. त्या विटेच्या भिंती मी अजून आपल्याच समजतो, म्हणून तर जीव तुटतो.

वरच्या मजल्यावरची पावलं मात्र यातल्या कशानेच थांबणार नाहीत. तो दणका स्लॅबमधून येतो. त्यासाठी वरच्यांच्याच फरशीखाली रबराचा थर हवा, म्हणजे आधी त्यांच्याशी बोलणं आलं.